बेळगावला गारगोटीकडनं

कोल्हापुरातून बेळगावला कुठल्या रस्त्यानं जायचं, याचा कुणी विचार करत नाही. उचगावपाशी हायवेला लागायचं, कागल मागं टाकायचं, निपाणीच्या पुढं तवंदीचा घाट चढायचा, मग संकेश्वर, हत्तरगी आणि आलं बेळगाव. आमच्या लेकीला तिथं दिली तेव्हा सगळे हेच म्हणाले होते, “लांब कुठं दिलीय, हायवेवर तर हाय!”

त्यामुळं त्या रविवारी सकाळी राजारामपुरीतून निघालेली आमची गाडी उचगावच्या ऐवजी कळंब्याच्या दिशेनं वळली, तेव्हा मला वाटलं, ह्यांना वाटेत कुणाकडं तरी काही पोचवायचं असेल. कळंब्याचा तलाव आला, गेला. कात्यायनीचा डोंगर दिसायला लागला तरी गाडी थांबेना.

“अहो, कुठं चाललाय?”

“बेळगावला.”

“इकडनं?”

“गारगोटीकडनं जाऊ आज. आजरा, चंदगड करत. निवांत.”

निवांत हा शब्द मी आमच्या ह्यांच्या तोंडून लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकला.

हे शिरोलीच्या एका कारखान्यात विक्रीच्या कामावर होते. मोठाली यंत्रं विकायची, बसवून द्यायची, बिघडली की शिव्या खायला जायचं. हुबळी, बंगळूर, पुणं, नाशिक. सगळं स्वतः गाडी चालवत. नोकरीची सगळी वर्षं त्या हायवेवर गेली म्हटलं तरी चालेल. घरच्या गाडीतसुद्धा तीच सवय. एकदा स्टिअरिंग हातात घेतलं की थांबायचं नाव नाही. पोरगी लहान असताना मागच्या सीटवरून ओरडायची, “बाबा, सूर्यफुलं!” हे म्हणायचे, “परत कधीतरी.” मला एकदा वाटेवरच्या एका देवळात जायचं होतं, “परत कधीतरी.” जेवायला थांबलो तरी गाडीची किल्ली हातातच असायची, ताटाशेजारी ठेवायचे नाहीत. कोण कुठल्या वेळी निघालं आणि कुठल्या वेळी पोचलं यावर घरात जितकी चर्चा व्हायची, तितकी तिथं जाऊन काय केलं यावर कधी झाली नाही.

असा माणूस निवृत्त होऊन काही महिने झाले आणि एके सकाळी म्हणाला, निवांत.

माझं राजारामपुरीत झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान आहे. आजूबाजूला क्लासेस, त्यामुळं दिवसभर पोरांची झुंबड. सुट्टी फक्त रविवारी. तो एकच दिवस लेकीकडं जायचा आणि त्यातला निम्मा रस्त्यातच घालवायचा म्हणजे काय, हे माझ्या जिभेवर आलं होतं. पण ह्यांनी मुदाळतिट्ट्याला गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि विचारलं, “च्या घेणार?” मी पाहतच राहिले. मुख्य म्हणजे किल्ली गाडीतच होती.

उसाचा हंगाम होता. पुढं टॉप भरलेला ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या, त्यावर लोंबणारं उसाच्या शेंड्यांचं वाडं. ह्यांना ओलांडून जायला जागा मिळत होती, तरी हे मागंच राहिले. उत्तूरच्या पुढं रस्ता चढउतार खायला लागला. आजऱ्यात घनसाळ तांदूळ घेतला, त्याचा वास सगळ्या गाडीत भरला. चंदगडच्या बाजूला काजूची झाडं, मधेच एखादं कौलारू घर, अंगणात वाळत घातलेल्या मिरच्या. हे हळू चालवत होते आणि बोलत होते. हुबळीच्या लॉजवर राहायचे तेव्हा रोज एक कन्नड वर्तमानपत्र विकत घ्यायचे म्हणे. वाचता अक्षर येत नव्हतं. “मग पेपर कशाला घ्यायचा?” मी विचारलं. “लॉजवाल्याला वाटू नये की हा बाहेरचा हाय म्हणून. सकाळी उघडून बसायचो तास तास. फोटो बघायचो.” मी इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. इतक्या वर्षांत हे मला कधी सांगितलं नव्हतं. सांगायला वेळच मिळाला नसेल, असं त्या दिवशी वाटलं.

लेकीच्या दारात पोचलो तेव्हा जेवणाची वेळ टळून गेली होती. तिच्या सासूबाई ताटं झाकून बसल्या होत्या. त्यांचं बोलणं अर्धं मराठी, अर्धं कन्नड. “दमला काय अक्का? एवढा उशीर?” ह्यांनी सांगितलं, “चंदगडकडनं आलो.” त्यांच्या घरात सगळ्यांनी एकमेकांकडं पाहिलं. जावई म्हणाला, “मामा, हायवे बंद होता काय?”

“न्हाई. उघडा होता की.”



मग तेच सुरू झालं. लेकीला दिवस गेले होते, त्यामुळं आमच्या फेऱ्या वाढल्या, आणि प्रत्येक फेरी गारगोटीकडनं. कधी उत्तूरवरून, कधी गडहिंग्लजच्या अंगानं, कधी मधल्याच एखाद्या गावातून ज्याचं नाव आम्हाला तिथं गेल्यावर पाटीवर कळायचं. मी शनिवारी रात्रीच डबा भरून ठेवायला लागले. चपाती, खर्डा, दही. एका ओढ्याच्या काठी बसून आम्ही जेवलो. मी दुकानातल्या गमती सांगितल्या. झेरॉक्स काढताना पोरांचे निबंध उलटे वाचायची मला सवय लागलीय, आणि एकाच क्लासच्या सगळ्या पोरांची आजी एकाच निबंधात एकाच आजारानं मरते, हे सांगितलं तेव्हा ह्यांनी गाडी बाजूला घेऊन हसून घेतलं.

लेकीचा फोन आला. “आई, बाबांना बरं न्हाई काय?”

“का गं?”

“दोन तासांचा रस्ता सोडून कोण असं फिरत येतंय?”

“उलट आत्ताच कुठं बरं वाटायला लागलंय त्यांना,” मी म्हणाले. आणि मला तसंच वाटत होतं. निवृत्त झाल्यावर काही माणसं देवाला लागतात, काही शेअर बाजाराला. हे रस्त्याला लागले, असं मी शेजारणीला सांगितलंसुद्धा. सांगताना मला थोडा अभिमानच वाटला असणार, कारण ती म्हणाली, “नशीब काढलंय बाई तुम्ही.”

माझा पहिला गोंधळ झाला तो जयसिंगपूरला जाताना. तिथं माझे थोरले दीर राहतात. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, बघायला जायचं होतं. जयसिंगपूरचा रस्ता म्हणजे शिरोलीच्या पुलावरून पलीकडं गेलं की उजवीकडं वळायचं, बास. हायवे लागतो तो तेवढ्या पुलापुरता. पण ह्यांनी गाडी हुपरीच्या रस्त्याला घातली.

“आता हिकडनं का?”

“गर्दी कमी असती.”

हुपरी झाली, पुढं इचलकरंजीत शिरलो तर बाजाराचा दिवस. सायकली, हातगाड्या, टेम्पोतून उतरवलेली सुताची बाचकी. गाडी पुढं सरकेना, मागं सरकेना. तिथं ना डोंगर, ना ओढा, ना काजू. दोन्ही बाजूंना यंत्रमागांचा खडखडाट आणि मधे आम्ही. मी म्हणाले, “ह्यात काय बघायचंय हो?” हे शांत बसून होते. गर्दीत अडकल्याचं त्यांना काही वाटत नव्हतं. उलट चेहरा अगदी मोकळा होता, दाढी करून आल्यासारखा.

गर्दी कमी म्हणून आलो आणि गर्दीत खूश बसलाय, हे मला उलगडेना.

त्यानंतर मी लक्ष ठेवायला लागले. पुण्याला ह्यांच्या जुन्या सहकाऱ्याच्या मुलाचं लग्न होतं, तर ह्यांचा गुडघा दुखायला लागला. तोच गुडघा दुसऱ्या दिवशी मंडईत दिवसभर चालला. मला वाटलं डोळे गेले असतील, चारचौघांत सांगायला लाजत असतील. म्हणून मी वाटेत मुद्दाम विचारायची, “त्या पाटीवर काय लिहिलंय हो?” हे पाटी वाचायचे, तिच्या खाली बारीक अक्षरात रंगवणाऱ्याचं नाव असायचं तेही वाचायचे. डोळे माझ्यापेक्षा बरे. मग काय? आजऱ्यात तांदूळ देणारी एक बाई होती, हसून बोलायची, ‘या पावणं’ म्हणून पाट द्यायची. एका फेरीत मी तिच्याकडं जरा निरखून बघितलं. ती माझ्या आईच्या वयाची निघाली. स्वतःचीच लाज वाटली आणि गोंधळ होता तिथंच राहिला.

विचारायचं कसं हेही कळत नव्हतं. ‘तुम्ही माझ्याशी इतकं छान का वागताय,’ असं नवऱ्याला विचारता येतं का?

लेकीला अजून अवकाश होता. सातवा सरून आठवा लागलेला. एका सकाळी मी दुकान उघडून मशीन गरम व्हायची वाट बघत होते, तेवढ्यात विहीणबाईंचा फोन. “ताई, पोरीला दवाखान्यात आणलंय. भ्यायचं कारण न्हाई म्हणालेत डॉक्टर. पण तुम्ही निघा लगेच.” मी शटर ओढलं. घरी फोन केला तर हे पाच मिनिटांत गाडी घेऊन दुकानापुढं हजर. मी बसले आणि म्हणाले, “हायवेनं ना?”

ह्यांनी आरसा सारखा केला. मग म्हणाले, “व्हय. हायवेनंच.”

उचगावपाशी हायवेला लागलो. सहापदरी करायचं काम चाललेलं, जागोजाग वळवलेला रस्ता, धूळ, मधेच पत्रे उभे केलेले. कागलपर्यंत हे एका मालट्रकच्या मागं राहिले. बाजूनं सगळं जग निघून चाललं होतं. मी म्हणाले, “अहो, घ्या की पुढं.” घेतली नाही. माझा जीव लेकीत, त्यामुळं मीही जास्त बघितलं नाही. फोनवर फोन करत होते आणि जावई उचलत नव्हता.

निपाणी मागं पडली. तवंदीचा चढ सुरू झाला. उजव्या अंगानं एक लांबलचक कंटेनर आम्हाला ओलांडायला लागला. तो संपेचना. त्याची चाकं माझ्या ह्यांच्या खांद्याशेजारून फिरत होती. आणि आमची गाडी हळू व्हायला लागली. आधी मला वाटलं चढ आहे म्हणून. मग मागनं हॉर्न सुरू झाले, एक, दोन, मग सगळेच. गाडी डावीकडं सरकली, खडीवर चढली आणि बंद पडली.

“काय झालं?”

ह्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. बोटं पांढरी पडली होती. शर्ट पाठीला चिकटलेला. मी घाबरले, “छातीत दुखतंय काय? बोला की!”

“न्हाई. छातीत न्हाई.”

“मग?”

“मला जमंना.”

“काय जमंना?”

“हे.” त्यांनी मान रस्त्याकडं हलवली.

मला खरंच काही समजलं नाही. ज्या माणसानं अर्धं आयुष्य या डांबरावर घालवलं, त्याला काय जमत नव्हतं? पुढं एक ट्रक पाणी ओतून इंजिन गार करत उभा होता. त्याचा ड्रायव्हर आमच्या काचेशी आला. “काय पावणं, गाडी बंद पडली व्हय?” ह्यांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून ते कळलं नाही. तो माणूस थोडा वेळ थांबला, पाण्याची बाटली आत दिली आणि गेला.

मी उतरले. गाडीला वळसा घालून त्यांच्या दाराशी गेले. “सरका तिकडं.”

“तू कुठं हायवेला कधी...”

“सरका.”

माझ्याकडं लायसन आहे, पुष्कळ वर्षांचं. गाडी मी चालवते ती राजारामपुरीत, शाहूपुरीत, फार तर कागदाची रिमं आणायला लक्ष्मीपुरीत. दोन गल्ल्या गेलं की सिग्नल, तीन गेलं की रिक्षा आडवी. तिसऱ्या गिअरच्या वर जायचा प्रसंग येत नाही. ह्यांनी पट्टा लावला आणि डोळे मिटले. मला वाटलं आता हे काही बोलणार नाहीत. पण बोलले.

“आरसा बघ. मागं कोण न्हाई असं दिसलं की घे. घाई करू नको.”

मी घेतली.

“समोरनं कोण येत न्हाई इथं. गावासारखं न्हाई. सरळ बघायचं. आता तिसरा टाक.”

डोळे मिटलेलेच. इंजिनाच्या आवाजावरून त्यांना कळत होतं. “चौथा टाक की, रडाय लागलीय ती.” मी चौथा टाकला. तवंदीचा घाट कधी संपला मला कळलं नाही. हे मधूनच विचारायचे, “कुठं आलो?” मी पाटी वाचून सांगायची. संकेश्वर. मग पुन्हा, “कुठं आलो?” अजून संकेश्वरच. त्यांचा आवाज दवाखान्यात दाताच्या खुर्चीत बसलेल्या माणसासारखा होता.

हत्तरगीच्या पुढं रस्ता मोकळा झाला. लांबपर्यंत नुसता रस्ता. ह्यांनी सांगायच्या आधी मी पाचवा टाकला. आमच्या गाडीचा पाचवा गिअर माझ्या हातानं पहिल्यांदाच पडला. गाडी एकदम हलकी झाली. आवाज कमी झाला. आणि मला, कसं सांगू, मला ते आवडलं. लेक दवाखान्यात, नवरा शेजारी डोळे मिटून घामानं निथळतोय, आणि मला उंच झोक्यावर बसल्यासारखं वाटत होतं. मी एक टँकर ओलांडला. मग एक बस ओलांडली. ओलांडायची काही गरज नव्हती.

बेळगावात दवाखान्याच्या दाराशी गाडी लावली तेव्हा विहीणबाई पायऱ्यांवरच उभ्या. “छलो, चांगलं झालं बघा ताई, मुलगी झाली. बारकी हाय, काचेच्या पेटीत ठेवलीया, पण रडली जोरात.” मी त्यांच्या गळ्यात पडून रडले. लेक बरी होती. नात तळहाताएवढी, डोक्यावर लोकरीची टोपी, अंगाला नळ्या. दुपारी डॉक्टरांनी सांगितलं, थोडे दिवस लागतील पण काळजी नाही.

तेव्हा कुठं मला आठवण झाली की नवरा कुठाय बघावं. हे दवाखान्याच्या मागच्या बाजूला, कँटीनच्या बाकावर बसले होते. पुढं चहा गार झालेला. मी शेजारी बसले.

“कधीपासनं?” मी विचारलं.

“नोकरी सुटायच्या आधीपासनं. शेवटच्या वर्षी.”

“अपघात झालावता?”

“न्हाई.”

“कुणाचा बघितला?”

“काय झालंच न्हाई गं. तेच तर हाय. काय झालं असतं तर सांगता आलं असतं.” मग हळूहळू सांगितलं. धारवाडकडनं येत होते. एकटेच. रोजचा रस्ता, चांगलं ऊन, गाडी ठणठणीत. एका कंटेनरला ओलांडताना एकदम वाटलं की आपला हात आता आपलं ऐकणार नाही. स्टिअरिंग आपोआप त्याच्या खाली वळेल. वळलं काही नाही. पण तोंड कोरडं पडलं, कानात आवाज यायला लागला. कडेला थांबले. अर्ध्या तासानं निघाले, तर पुढच्या ट्रकला परत तेच. त्यानंतर उरलेली नोकरी कशी काढली ते त्यांचं त्यांना माहीत. दुसऱ्यांच्या गाडीतून जायचे, रेल्वेनं जायचे, ऑफिसात सांगायचे पाठ धरलीय.

“मला का न्हाई सांगितलं?”

“काय सांगू? हायवेवर गाडी चालवायचं भ्या वाटतंय? मला?”

कँटीनमधला पोऱ्या टेबल पुसून गेला. मग माझ्या डोक्यात जे फिरत होतं ते बाहेर पडलं, आणि ते जरा कडूच पडलं.

“म्हणजे गारगोटी, आजरा, ते सगळं... मला वाटलं माझ्यासाठी हाय.”

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. “मग?”

“मग ते खोटंच म्हणायचं की. भीतीनं चाललावता तिकडनं.”

“रस्ता भीतीनं धरला,” हे म्हणाले. “च्या काय भीतीनं पीत होतो काय?”

मला हसू आलं आणि रागही आला. उत्तर बरोबर होतं का चूक, मला तेव्हा ठरवता आलं नाही. आजही नाही. ओढ्याच्या काठचं ते जेवण आठवलं की मला छान वाटतं, आणि लगेच वाटतं, हा माणूस त्या वेळी कशातनं तरी सुटून आला होता, मी नुसती सोबत होते. मग वाटतं, सुटून आलेल्या माणसानं हुबळीच्या लॉजची गोष्ट सांगितली ती मलाच ना? असं पुढं मागं चालू राहतं.

मी पंधरवडाभर बेळगावात राहिले. हे दुसऱ्या दिवशी चंदगडकडनं एकटे परत गेले. पोचल्यावर फोन केला, “मुदाळतिट्ट्याला थांबलो होतो. एकट्याला काय गोड लागला न्हाई च्या.” मी म्हणाले, “बरं.”

कोल्हापूरला परतल्यावर आम्ही डॉक्टरांकडं गेलो. राजारामपुरीत दवाखान्यांना तोटा नाही, मनाचे डॉक्टरही माझ्या दुकानापासून दोन गल्ल्यांवर निघाले. त्यांचे कागद मीच कधीतरी झेरॉक्स करून दिले होते. डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं. असं होतं, चांगल्या सराईत चालकांनाही होतं, म्हणाल्या. गोळ्या दिल्या आणि सांगितलं, थोडं थोडं जायचं. उचगावपासून गोकुळ शिरगावपर्यंत जा, परत या. जमलं तर पुढच्या वेळी कागल. हे मान खाली घालून ऐकत होते, शाळेतल्या मुलासारखे. मग त्यांनी विचारलं, “आणि न्हाईच जमलं तर?” बाई म्हणाल्या, “तर दुसरे रस्ते आहेतच की. तुम्ही तर सगळे शोधून ठेवलेत.”

आता रविवारी सकाळी आम्ही तेवढा तुकडा जातो. काही रविवारी ते कागलपर्यंत चालवतात, परत येताना शीळही घालतात. काही रविवारी उचगावलाच गाडी कडेला घेऊन म्हणतात, “आज न्हाई.” मी शेजारी बसलेली असते. त्यांच्याकडं बघावं की रस्त्याकडं, मला समजत नाही. त्यांच्याकडं बघितलं तर त्यांना टोचतं, रस्त्याकडं बघितलं तर माझाच पाय ब्रेक शोधायला लागतो.

आणि बेळगावला जायचं असलं की आमच्यात वाद होतात, तेही उलटे. मला हायवेनं जायचं असतं. नातीकडं लवकर पोचायला, असं मी सांगते. ते खरं आहे, पण पूर्ण नाही. मला तो पाचवा गिअर पाहिजे असतो. ह्यांना हे कळलंय. एकदा मागच्या सीटवर बसून, डोळ्यांवर रुमाल टाकून म्हणाले, “लई बुंगाट पळवू नको. टँकर गेला पुढं तर जाऊदे की त्याला.” आयुष्यभर हे वाक्य मी त्यांना म्हणत आले होते.

गेल्या आषाढात एका रविवारी ना लेकीकडं जायचं होतं, ना कुणाकडं. पाऊस धरून होता. हे म्हणाले, “गगनबावड्याला जाऊन येऊ.” मी म्हणाले, “या पावसात? तिथं काय दिसणाराय?” तरी निघालो. कळे गेलं, असळज गेलं, आणि पुढं ढगच रस्त्यावर उतरलेला. गगनबावड्यात दुकानांचे दिवे दिवसा लावलेले. हे तिथं न थांबता भुईबावड्याच्या घाटात उतरायला लागले. मी म्हणाले, “अहो, नको.” एका बाजूला डोंगर, त्याच्यावरून पाणी पडतंय. दुसऱ्या बाजूला दरी असणार, पण दिसत होता तो पांढरा पडदा. कठडाही कुठं होता, कुठं नव्हता. मी दाराची कडी घट्ट धरली आणि ह्यांच्याकडं बघितलं.

हे स्टिअरिंगवर दोन बोटं ठेवून बसले होते. प्रत्येक वळणावर हॉर्न, थांबायचं, ऐकायचं, मग पुढं. चेहरा इचलकरंजीच्या बाजारात होता तसाच मोकळा.

मला राहवेना. “तुम्हाला इथं भ्या वाटत न्हाई?”

“न्हाई.”

“का? तिथं सरळ रुंद रस्ता, समोरनं कोण येत न्हाई, तुम्हीच मला शिकवलंय. आणि इथं तर चाक कुठं जातंय ते दिसंना.”

वळण आलं, हॉर्न दिला, थांबले, ऐकलं, वळवलं. मग म्हणाले, “इथं सगळेच घाबरून चालवत्यात. वरनं येणारा घाबरलेला, खालनं येणारा घाबरलेला. एकमेकाला हाक मारत जात्यात. तिथं कोणच घाबरत न्हाई गं. मी एकटा.”

मला पटलं असं म्हणू शकत नाही, कारण माझा हात अजून दाराच्या कडीवरच होता. आणि मला ठाऊक होतं की तिथं हायवेवर मी घाबरत नाही, म्हणजे ह्यांना ज्यांची भीती वाटते त्यांच्यातच मी आता जमा झाले होते. हे त्यांच्या लक्षात आलं होतं की नाही, देव जाणे.

“तुझ्या बाजूची काच खाली घे,” हे म्हणाले. “माझ्या बाजूला पाण्याचा आवाज हाय, काय ऐकू येत न्हाई. तू ऐक.”

मी काच खाली केली. थंड ओलं वारं आत आलं, बाही भिजली. सुरुवातीला काहीच नव्हतं. मग खालून, बराच खालून, एक हॉर्न आला.

“बस हाय,” मी म्हणाले.

“लांब?”

“लांबच हाय. न्हाई, थांबा. जवळ आली.”

ह्यांनी गाडी डाव्या कडेला घेऊन उभी केली. पिवळे दिवे आधी आले, मग ढगातून एस.टी. बाहेर आली आणि आमच्या आरशाशेजारून इंचाइंचानं वर चढायला लागली. ड्रायव्हरनं मान बाहेर काढली. “पावणं, खाली बारकी दरड आलीया. आत्ता तर निघालो आम्ही, पर भरवसा न्हाई. उगं कशाला जाताय?”

“न्हाई जात,” हे म्हणाले. “वळवायला जागा कुठं मिळंल?”

“दोन वळणं सोडून.”

बस वर निघून गेली. आम्ही दोन वळणं उतरलो, जागा सापडली. हे गाडी वळवताना मी भिजत बाहेर उभी राहून मागं किती जागा आहे ते ओरडून सांगत होते.